वाशिमचे पाणी, दोन समुद्र आणि डोळ्यांना न दिसणारे जीव

दर वर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभा सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचा काळ म्हणून पाळते. १ सप्टेंबर हा दिवस दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली त्यासाठी नेमून दिला आणि ४ ऑक्टोबर हा तर असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. ह्या दिवसांत झाडे लावा, पाणी जिरवा, प्लास्टिक टाळा असे आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून सांगत असतो. अशाच एका रविवारी समुद्राचे तापमान वाढत असल्याचा विषय प्रवचनात आला. मिस्सा संपल्यावर वाशिम जिल्ह्यातले एक वयस्क शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, "फादर, सोयाबीनचं सांगा, तुरीचं सांगा. आमाले समुद्राचं काय करा लागते?"

प्रश्न प्रांजळ होता. वाशिमपासून समुद्र चारशे किलोमीटरपेक्षा दूर आहे आणि आपल्या धर्मग्रामांतील कित्येकांनी तो अद्याप पाहिलेलाही नाही. त्या वेळी मी जे उत्तर दिले ते घाईचे आणि अपुरे होते. हा लेख म्हणजे ते उत्तर जरा सविस्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आरंभ नकाशापासून करू. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला हा जिल्हा एका जलविभाजकावर वसलेला आहे. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे अकोला जिल्ह्यात उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. उलट पैनगंगा, तसेच अडाण आणि अरुणावती ह्या नद्यांचे पाणी वर्धा नदीत, तेथून प्राणहितेत, पुढे गोदावरीत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच ढगातून ह्या जिल्ह्यावर पडलेल्या पावसाचा काही भाग पश्चिमेच्या समुद्रात जातो आणि काही पूर्वेच्या. वाटेत धरणे आहेत, कालवे आहेत. बरेचसे पाणी आणि त्यातील क्षार मध्येच वापरले जातात. तरीही जे उरते ते जाते समुद्रातच. शेतात टाकलेल्या पण पिकाने न घेतलेल्या खताचा अंशही त्या पाण्याबरोबर प्रवास करतो, आणि आपल्या जिल्ह्याचा हा अंश त्या दोन खोऱ्यांतील इतर असंख्य गावांच्या अंशात मिसळतो.

तेथे त्याची गाठ कोणाशी पडते? माशांशी नव्हे. सर्वप्रथम सूक्ष्मजीवांशी.

समुद्राचे एक चमचाभर पाणी घेतले तर त्यात सर्वसाधारणपणे पन्नास लाखांच्या आसपास जिवाणू असतात. पाणी डोळ्यांना अगदी नितळ दिसते. ह्या जीवांपैकी काही हिरवे असतात. म्हणजे शेतातल्या पानाप्रमाणे सूर्यप्रकाश घेऊन कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. समुद्रात तरंगणाऱ्या अशा सर्व वनस्पतिसदृश सूक्ष्मजीवांना मिळून वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाचे जेवढे काम होते त्यातील सुमारे निम्मे हे प्लवक करतात. उरलेले निम्मे आपली सारी अरण्ये, कुरणे आणि पिके मिळून करतात. ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा पुन्हा तपासून पाहिली होती, कारण सेमिनरीत असताना सृष्टीविषयी आम्ही जे शिकलो त्यात सागरातल्या ह्या हरितसृष्टीला स्थानच नव्हते. स्तोत्रसंहितेतील १०४ व्या स्तोत्रात समुद्रातल्या अगणित लहानमोठ्या जीवांचा उल्लेख येतो. पण त्यातले 'लहान' किती लहान असू शकतात ह्याची कल्पना कोणाला असणार!

ह्या प्लवकांपैकी संख्येने सर्वांत मोठा गट आहे प्रोक्लोरोकॉकस नावाच्या जिवाणूचा. त्याच्या हजाराहून अधिक पेशी एका ओळीत ठेवल्या तेव्हा कुठे एक मिलिमीटर अंतर भरते. उष्ण समुद्रांत तो सर्वत्र आहे, आणि तरीही माणसाला त्याचा पत्ता १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत नव्हता. पेशी मोजण्याचे एक नवे यंत्र जहाजावर नेऊन तेथेच पाण्याचे नमुने तपासले तेव्हा अमेरिकेच्या सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो दिसला. १९८८ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. पृथ्वीवर सर्वाधिक संख्येने असलेला हरितजीव चंद्रावर माणूस उतरल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी सापडावा, हे आपल्या ज्ञानाच्या मर्यादेचे चांगले उदाहरण आहे.

माणूस दर वर्षी हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातील साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यातील बराचसा पाण्यात नुसता विरघळतो. पण त्या विरघळलेल्या कार्बनपैकी काही प्लवकांच्या शरीरात जातो, प्लवकांना सूक्ष्म प्राणी खातात, आणि मेलेल्या पेशी व विष्ठेचे कण खोल तळाकडे झिरपत राहतात. जे खोल गेले ते शेकडो वर्षे वर येत नाही. जे वाटेतच जिवाणूंनी खाऊन टाकले त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. किती खाली जाईल आणि किती वर राहील हा हिशेब ह्या सूक्ष्मजीवांच्या हाती आहे. म्हणून हवामानबदल समजून घ्यायचा तर त्यांच्यापर्यंत जावे लागते.

उपग्रहाला समुद्राच्या पृष्ठभागाचा रंग दिसतो; त्यावरून वरच्या थरात प्लवक किती आहेत ह्याचा अंदाज येतो. दोनशे मीटर खाली काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. त्यासाठी जहाजच हवे. आपल्या देशात ह्या कामाची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली. भारताच्या वतीने नौदलाचे 'किस्तना' हे जहाज तीत सहभागी झाले. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. १९७६ साली 'गवेषणी' हे संशोधन जहाज मिळाले, १९८३ साली 'सागर कन्या' आले आणि २०१४ पासून 'सिंधु साधना' ह्या संस्थेच्या सेवेत आहे.

अशा जहाजावर काम कसे चालते? पोलादी चौकटीवर लांबट बाटल्या गोलाकार बसवलेल्या असतात. दोन्ही टोकांनी उघड्या असलेल्या ह्या बाटल्यांची चौकट तारेने समुद्रात सोडतात. प्रसंगी चारपाच किलोमीटर खोलवर. सोबतची उपकरणे तापमान, क्षारता आणि प्राणवायू मोजत जातात. परत वर येताना ठरावीक खोलीवर जहाजावरून विजेचा संकेत दिला की एकेक बाटली बंद होते आणि त्या खोलीचे पाणी तिच्यात अडकते. इतक्या खोलवर चौकट सोडून परत वर घेण्यास काही तास लागतात. मग पहाटेचे दोन असोत की भर दुपार, पाणी लगेच अतिसूक्ष्म छिद्रांच्या चकत्यांतून गाळावे लागते. गाळणीवर राहिलेले जीव उणे ८० अंश तापमानात गोठवून ठेवतात आणि किनाऱ्यावर आल्यावर त्यांतील जनुकांचे वाचन करतात. बहुसंख्य सागरी जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, म्हणून त्यांची ओळख त्यांच्या जनुकांवरूनच पटवावी लागते. १५ मार्च २०२१ रोजी 'सिंधु साधना' ह्याच कामासाठी विशाखापट्टणमहून निघाली. सुमारे तीन महिन्यांची आणि दहा हजार सागरी मैलांची मोहीम आखलेली होती. देशात त्या वेळी कोरोनाची दुसरी लाट उसळत होती. घरच्यांची चिंता मनात ठेवून हे स्त्री-पुरुष शास्त्रज्ञ आणि खलाशी भर समुद्रात पाणी गाळत होते, हे आपण ध्यानात ठेवायला हवे.

आता नत्राची गोष्ट, आणि येथेच आपल्या शेतकरी बांधवांचा संबंध येतो.

सोयाबीन पेरण्यापूर्वी बियाण्याला रायझोबियमचे संवर्धक चोळायचे, हे वाशिममध्ये कोणाला सांगावे लागत नाही. ते जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. समुद्रातही असे नत्र बांधणारे जीव आहेत. अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाचा जिवाणू कधी कधी इतका माजतो की पाण्यावर लाकडाचा भुसा पसरल्यासारखा दिसतो. पण ह्याच्या अगदी उलट काम करणारेही जिवाणू आहेत. पाण्यातला प्राणवायू संपला की ते नायट्रेटचा उपयोग श्वसनासाठी करतात आणि बांधलेला नत्र पुन्हा वायुरूपाने मोकळा करतात. ते करताना काही प्रमाणात नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर, तो वजनास वजन सुमारे २७० पट अधिक उष्णता अडवतो.

अरबी समुद्र ह्या बाबतीत जगात वेगळा आहे. त्याच्या उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. ध्रुवाकडून येणारे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी तेथे सहज पोहोचत नाही. वर प्लवकांची समृद्धी, त्यामुळे खाली झिरपणारे अन्न भरपूर आणि ते खाणारे जिवाणूही भरपूर. परिणामी साधारण १५० मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला विस्तीर्ण थर तेथे कायम आहे. खुल्या महासागरात अशी तीनच मोठी क्षेत्रे आहेत. उरलेली दोन पॅसिफिक महासागरात. ही निसर्गाची जुनी रचना आहे, माणसाने केलेली नव्हे. माणसाचा हात दिसतो तो किनाऱ्याजवळ. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस खालचे पाणी प्राणवायूविना राहते. २००० साली गोव्याच्या संस्थेतील डॉ. वजीह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात दाखवून दिले की ही स्थिती तीव्र होत आहे आणि तेथून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत आहे. जमिनीवरून वाहून येणारे नायट्रेट हे त्यामागील एक कारण असावे असे त्यांनी सुचवले. गोव्यात कांदोळीच्या समोर समुद्रातील एका ठिकाणी ही मंडळी १९९० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासत आली आहेत. मोठ्या मोहिमांना प्रसिद्धी मिळते. मला मात्र ह्या नित्याच्या फेऱ्यांचे मोल अधिक वाटते, कारण काय बदलले हे सांगण्यासाठी आधी काय होते ह्याची नोंद कोणीतरी निष्ठेने ठेवावी लागते.

बंगालच्या उपसागराची स्थिती त्याहून विचार करायला लावणारी आहे. तेथेही खोल पाण्यात प्राणवायू अत्यल्प आहे, इतका की जुन्या उपकरणांना तो शून्यच वाटत असे. अतिसंवेदनशील उपकरणे घेऊन भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञ एकत्र गेले तेव्हा आढळले की प्राणवायूचा अगदी किंचित अंश तेथे अद्याप आहे. नत्र मोकळा करणारे जिवाणूही तेथे हजर आहेत, पण त्यांचे काम सुरू झालेले नाही म्हटले तरी चालेल. तो किंचित प्राणवायू त्यांना रोखून धरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या संशोधनात इशारा आहे की, नद्यांतून अधिक पोषकद्रव्ये येत राहिली किंवा अन्य कारणाने उरलासुरला प्राणवायू संपला, तर बंगालचा उपसागरही अरबी समुद्राच्या वाटेने जाईल. वर सांगितलेला नकाशा येथे आठवावा. आपल्या जिल्ह्याचे पाणी एका बाजूने ज्या समुद्रात जाते तेथील किनाऱ्याजवळचे दुखणे वाढत आहे, आणि दुसऱ्या बाजूने ज्या समुद्रात जाते तो अगदी काठावर उभा आहे.

सूक्ष्मजीवांची जात बदलली तर काय होते, ह्याचे उदाहरणही अरबी समुद्रातच आहे. पूर्वी हिवाळ्यात तेथे डायटम नावाचे प्लवक वाढत. माशांच्या अन्नसाखळीचा तो पाया. ह्या शतकाच्या आरंभापासून त्यांच्या जागी नॉक्टिल्युका नावाचा सुमारे मिलिमीटरभर आकाराचा जीव हिरवे थर पसरवू लागला. हा जीव इतर प्लवकांना खातो, पोटात हिरवे शैवाल बाळगून त्याच्याकडूनही अन्न घेतो. आणि त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे प्राणी असल्याने माशांच्या पदरात फारसे काही पडत नाही. रात्री लाटेने ढवळला की काही ठिकाणी तो निळा चमकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर निळ्या लाटा पाहायला गर्दी झाली होती ती अशाच प्रकाशमान सूक्ष्मजीवांमुळे. गोव्याच्या हेल्गा द रोझारियो गोम्स आणि जोआकिम गोएस ह्या शास्त्रज्ञ दांपत्याने डॉ. प्रभू मातोंडकर आदींच्या सोबतीने जहाजांवरून त्याचा माग काढला आणि २०१४ साली मत मांडले की प्राणवायू कमी झालेले पाणी वर सरकत असल्यामुळे नॉक्टिल्युका फोफावतो. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातील संशोधकांना मात्र २०१८ साली प्राणवायूची कमतरता नसलेल्या पाण्यातही तो आढळला. वाद मिटलेला नाही. काही वाचकांना अशा मतभेदांमुळे विज्ञानाविषयी शंका येते. मला उलट वाटते. दोन्ही पक्ष पाण्याची बाटली पुढे ठेवून बोलत आहेत, नुसते आवाज चढवून नव्हे.

समुद्र तापत आहे ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. माणसामुळे पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेतील नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. वरचा थर तापला की तो हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. खालची पोषकद्रव्ये वर येत नाहीत आणि प्लवकांची उपासमार होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की पश्चिम हिंदी महासागरात आधीच्या सहा दशकांत प्लवकांमध्ये काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत घट झाली. ह्याच गटाने २०१७ साली आणखी एक गोष्ट सांगितली, जी वाशिमच्या शेतकऱ्याने वाचावी. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यांना लागणारे बाष्प तापलेल्या अरबी समुद्रावरून येते. पावसाचे एकूण प्रमाण वाढलेले नाही. तो पडण्याची रीत बिघडली आहे. ऐन शेंगा भरताना महिनाभराचा खंड आणि सोंगणीच्या वेळी दोन दिवसांत धो धो पाऊस हा अनुभव आपल्याकडे कोणाला समजावून द्यावा लागत नाही.

मग समुद्रालाच औषध द्यावे काय? तसाही प्रयत्न झाला आहे आणि त्यात आपल्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. दक्षिणेकडील महासागरात इतर पोषकद्रव्ये मुबलक असूनही लोहाअभावी प्लवक वाढत नाहीत. तेथे लोह टाकले तर प्लवक वाढतील, ते कार्बन घेऊन तळाला जातील आणि हवा निवळेल, अशी कल्पना. ती तपासण्यासाठी जानेवारी २००९ मध्ये जर्मनीचे 'पोलारश्टेर्न' हे जहाज दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनहून निघाले. मोहिमेचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' आपलाच. जहाजावरील शास्त्रज्ञांपैकी निम्म्याहून अधिक भारतीय होते आणि डॉ. नक्वी हे जर्मनीच्या व्हिक्टर स्मेटाचेक ह्यांच्यासह मोहिमेचे प्रमुख होते. पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारने प्रयोग थांबवला, तज्ज्ञांची मते मागवली आणि मग परवानगी दिली. जहाज तोवर वाटेत होते! सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडले. प्लवक खरोखर वाढले. परंतु त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने कवचधारी डायटम वाढले नाहीत, कोवळे मऊ प्लवक वाढले. ते सूक्ष्म प्राण्यांनी खाऊन टाकले आणि त्या प्राण्यांना त्याहून मोठ्यांनी. कार्बन फारसा खाली गेलाच नाही.

प्रयोगकर्त्यांनी हा निष्कर्ष मार्च २००९ मध्ये परत येताच उघडपणे सांगितला, त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो. तरीही ह्या मार्गाविषयी माझ्या मनात संकोच आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे सृष्टीचा गाडा चालण्यासाठी शैवाल, बुरशी आणि अगणित सूक्ष्मजीवही आवश्यक आहेत. मोठ्या, देखण्या प्राण्यांकडेच आपले लक्ष जाते. दुसरी म्हणजे तंत्रज्ञानाने केलेले नुकसान आणखी तंत्रज्ञानाने भरून काढण्याच्या नादात नवे प्रश्न उभे राहतात. ज्या जीवांची नावेसुद्धा आपल्याला पुरती ठाऊक नाहीत त्यांच्या घरात मोठ्या प्रमाणावर ढवळाढवळ करण्याआधी धूर कमी करणे हे अधिक सरळ आहे. अर्थात अभ्यास थांबवावा असा ह्याचा अर्थ नव्हे. लोहाफेक्स झाले नसते तर ही औषधाची बाटली रिकामी आहे हे कळलेही नसते.

धूर कमी करणे बव्हंशी शहरांच्या, कारखान्यांच्या आणि श्रीमंत देशांच्या हाती आहे, हे मान्य. त्या शेतकरी काकांवर त्याचा भार टाकणे अन्यायाचे होईल. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे. नत्राच्या बाबतीत मात्र त्याचे आणि समुद्राचे हित एकच आहे. पिकाने न घेतलेला युरिया हा त्याचा वाया गेलेला पैसा. सोयाबीनला मुळांवरच्या गाठी बहुतांश नत्र देतात, त्यामुळे संवर्धक लावलेल्या पिकाला वरून युरियाचा मारा लागत नाही. कापूस आणि गव्हाला तो लागतो, पण एकदम न देता हप्त्याहप्त्याने आणि मोठ्या पावसाचा अंदाज पाहून दिला तर कमी वाहून जातो. माती परीक्षण केले तर नेमका किती लागतो हेही कळते. आणि बांधावरचे गवत, उताराला आडवी पेरणी, शेततळे ह्यांनी माती अडते तसा नत्रही अडतो.

पुढच्या वेळी ते काका भेटले तेव्हा मी त्यांना काटेपूर्णा कुठे जाते हे कागदावर काढून दाखवले. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "अन् पैनगंगा?" मग तीही काढली.